गाठ की गुठळी? सांगेल एमआरआय

जिना चढताना धाप लागते, मध्येच भोवळ येते आणि आपण म्हणतो, ‘दगदग झाली, दुसरं काय!’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण क्वचित हृदयातल्या गाठीचीही हीच लक्षणं असतात.

घाबरू नका हं! मुळात हृदयातच होणाऱ्या गाठी फार विरळा, आणि त्यातल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. मोठ्या माणसांत जास्त आढळते ती ‘मिक्झोमा’. तीही पुरुषांपेक्षा बायकांतच अधिक. मात्र तिचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला, तर अर्धांगवायू होऊ शकतो. म्हणून दुखणं अंगावर काढू नका.

आधी इको करतात. त्यात काही दिसलं की प्रश्न येतो, ही गाठ की रक्ताची गुठळी? गुठळीला बहुधा औषधं पुरतात, मिक्झोमाला शस्त्रक्रिया लागते. इथे एमआरआय उपयोगी पडतो. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिलं की गाठ बहुधा ते घेते, गुठळी घेत नाही. हा फरक चित्रात उमटतो.

यात क्ष-किरण नसतात. यंत्राचा आवाज मोठा. सांगतील तेव्हा श्वास रोखून पाऊणएक तास पडून राहायचं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पिना घरीच काढून ठेवा. मनाला लावून घेऊ नका, चुंबकाला सौभाग्यालंकार कळत नाहीत! पेसमेकर, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधीच सांगा.

घरच्यांच्या गोळ्या वेळेवर देता ना? मग स्वतःच्या धापेकडेही एकदा बघा.