चालत पाहायचे भयपट

अमेरिकेत फ्लोरिडातील ओरलँडो इथल्या युनिव्हर्सल स्टुडिओज पार्कमध्ये १९९१ साली ‘फ्राइट नाइट्स’ नावाने हॅलोवीनचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा त्यात एकच भूतबंगला होता आणि तो कुठल्याही सिनेमावर बेतलेला नव्हता. पुढच्या वर्षी कार्यक्रमाचे नाव ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ झाले. आता तिथे एका हंगामात साधारण दहा भूतबंगले उभे राहतात. काही सिनेमा, मालिका वा व्हिडिओ गेमवरून घेतलेले, बाकीचे पार्कच्या कलावंतांनी स्वतः रचलेले. सिनेमा निवडताना तो किती घाबरवतो हा प्रश्न वाटतो तितका वरचा नसतो. तसे असते तर २०१९ मध्ये ‘घोस्टबस्टर्स’ आणि २०२१ मध्ये ‘बीटलज्यूस’ हे विनोदी सिनेमे तिथे आलेच नसते.

आधी हक्क पाहावे लागतात. ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ (दोन्ही १९३१) आणि ‘द ममी’ (१९३२) ही युनिव्हर्सलची घरचीच भुते. बाहेरच्यांसाठी करार लागतो. २००७ मध्ये न्यू लाइन सिनेमाकडून फ्रेडी क्रूगर, जेसन आणि लेदरफेस हे तिघेही खुनी एकदम आले. जेसनची मालकी पुढे कोर्टात गेली. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे (१९८०) पटकथाकार व्हिक्टर मिलर यांच्या बाजूने २०१८ मध्ये निकाल लागला आणि २०२१ मध्ये अपिलातही तोच टिकला. गंमत अशी, की त्या पहिल्या सिनेमात खून करते ती जेसनची आई; जेसनच्या तोंडावरचा प्रसिद्ध हॉकी मुखवटा १९८२ च्या तिसऱ्या भागात आला. म्हणजे मूळ पटकथा एकाची झाली, तरी प्रेक्षकाला ओळखीचा असलेला जेसन कोणाचा, हा प्रश्न उरलाच. जेसनचा नवा भूतबंगला २०२५ मध्ये उभा राहिला.

हक्क मिळाले तरी सिनेमा पायी फिरण्याजोगा असावा लागतो, आणि खरी कसोटी इथेच आहे. दोन तासांची गोष्ट काही मिनिटांत उरकायची असते. रांग सतत पुढे सरकत असते, त्यामुळे एका कोपऱ्यासमोर माणूस काही सेकंदच असतो. कलाकार तीच झडप रात्रभर पुन्हा पुन्हा घालतो. कथानक आणि संवाद इथे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. उपयोगी पडतात त्या वेगवेगळ्या जागा आणि पाहताक्षणी ओळखू येणारे भूत. जॉन लँडिस यांचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) या मापात चपखल बसतो: ओसाड माळ, गावातला पब, रुग्णालय, शेवटी पिकॅडिली सर्कस. २०१३ मध्ये त्यावर भूतबंगला झाला आणि लांडग्यांसाठी मोठ्या बाहुल्या वापरल्या गेल्या.

‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३) याच्या अगदी उलट. त्यातले बहुतेक थरारक प्रसंग एका शयनगृहात, पलंगाला बांधलेल्या मुलीभोवती घडतात. पाहणारा चालतो आहे आणि भूत मात्र जागचे हलत नाही, अशी ही पंचाईत. २०१६ मध्ये तीच खोली पुन्हा पुन्हा समोर आणून ती सोडवली गेली. ‘हॅपी डेथ डे’मध्ये (२०१७) नायिका एकच दिवस परत परत जगते, तिथे पुनरावृत्ती ही कथेचीच गरज होती, म्हणून २०१८ च्या भूतबंगल्यात ती खटकण्याचे कारण नव्हते. ‘अ क्वाएट प्लेस’ची निवड (२०२४) सर्वांत धाडसाची म्हणावी लागेल. भूतबंगला चालतो धडाड आवाजांवर आणि किंकाळ्यांवर. या सिनेमातले प्राणी तर आवाजाचाच माग काढतात.

कॅलेंडरही निवडीत लुडबुड करते. २०२३ मध्ये ओरलँडोतला कार्यक्रम १ सप्टेंबरला सुरू झाला आणि ‘द एक्सॉर्सिस्ट: बिलीव्हर’ अमेरिकेत पडद्यावर आला ६ ऑक्टोबरला. महिनाभर लोक न पाहिलेल्या सिनेमाच्या खोल्यांतून फिरत होते. सिनेमाची वितरक युनिव्हर्सलच असल्याने भूतबंगला इथे जाहिरातीच्या फलकाला पुष्कळच जवळ गेला. ओळखीच्या भुताचा फायदाही त्यात नव्हता.

याउलट कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या पार्कचा हॅलोवीन १९७३ पासून चालू आहे आणि तो प्रामुख्याने स्वतःच्याच कल्पनांवर उभा आहे. तिथे खोल्या आधी आखता येतात आणि गोष्ट त्यांच्या मापाने बेतता येते.