तांब्याच्या गावातला दिवा

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून बालाघाट, बैहरमार्गे मलाजखंड. धाकटा भाऊ निवृत्त होणार म्हणून गेले होते. इथली तांब्याची खाण १९८२ सालापासूनची. भावाची सारी नोकरी तिथेच गेली.

सामान बांधताना माळ्यावर एक जुना पिवळा बल्ब सापडला. तिन्हीसांजेला धारवाडकडची भावजय नातीला म्हणाली, ''दीप हच्चु.'' मीही म्हटलं, ''दिवा लाव गं.'' नातीनं तोच बल्ब लावला आणि विचारलं, ''आज्जी, तार तर तांब्याची आहे. मग ती का नाही उजळत?''

भाऊ हसला, पण त्याचा सूर उतरलेला होता. ''बघ अक्का, जन्मभर तांबं काढलं, उजेड मात्र दुसऱ्याचाच!''

मी विज्ञानाची शिक्षिका होते, गप्प कशी बसेन? म्हटलं, बाळ, दोन्ही तारांतून वीज सारखीच जाते. तांबं तिला फारसं अडवत नाही, म्हणून ते तापत नाही. बल्बातली टंगस्टनची तार केसासारखी बारीक. ती वीज अडवते, सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापते आणि उजळते. तिथे तांबं ठेवलं तर ते १०८५ अंशांलाच वितळेल. आत हवा असती तर टंगस्टनही जळून गेलं असतं.

टंगस्टनच्या आधी काय होतं, ठाऊक आहे? बांबू! एडिसननं १८७९ साली जाळून कोळसा केलेला सुती दोरा वापरला. पुढच्या वर्षी जपानी बांबूची चीप तशीच भाजून घेतली, तर दिवा हजार तासांवर चालला. बालाघाटच्या जंगलात बांबू आणि जमिनीत तांबं, म्हणजे त्या दिव्याचं निम्मं सामान इथलंच की!

आपल्या कर्नाटकातही १९०२ साली शिवनसमुद्रची वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणीला गेली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ साली. खाणीतल्या माणसांचं आणि दिव्याचं नातं असं जुनं आहे.

''आजोबा, मग तांबं नसतं तर?'' नातीनं विचारलं.

भाऊ थोडा थांबला. ''तर वीज इथवर आलीच नसती, बाळा.'' आता त्याच्या आवाजात तो उतरलेला सूर नव्हता.

वाचकहो, घरात जुना बल्ब असेल तर टाकू नका. विझवून, गार झाल्यावर मुलांच्या हाती द्या. प्रश्न ती आपणच विचारतील, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये.