जुन्या मियाटाचे शॉक आणि स्प्रिंग

माझदाने 1989 साली शिकागोच्या मोटार शोमध्ये आणलेली पहिली एमएक्स-5, म्हणजेच मियाटा, वजनाने टनाच्या आत. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. ती आणखी खाली बसवायची मालकांना भारी हौस, पण मुळात तिच्या शॉकना दबायला जागाच कमी. नुसत्या आखूड स्प्रिंगा घातल्या, की खड्ड्यात शॉक थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या अडथळ्याच्या ठोकळ्यावर, आदळतो. वळणात असे झाले तर चाकाची पकड एकाएकी सुटू शकते. म्हणून आखूड स्प्रिंग कडकही हवी; आणि कडक स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकही तेवढ्याच ताकदीचा लागतो, म्हणून दोन्ही जोडीनेच निवडावेत. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकचा रिबाउंड, म्हणजे परत उलगडतानाचा विरोध, कमीजास्त करता येतो, ही मोठी सोय. दुसऱ्या पिढीच्या मियाटाचे शॉकचे वरचे माउंट बसवले, तर दबायला थोडी जास्त जागा मिळते. दिखाऊ, स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा शॉक, स्प्रिंग आणि माउंट यांचा हा मेळ कितीतरी शहाणपणाचा.

काम करताना विशबोनच्या रबरी बुशचे बोल्ट सैल केले असतील, तर चाके जमिनीवर टेकल्यावरच ते पक्के आवळावेत. जॅकवर आवळले तर रबर पिळले जाऊन लवकर फाटते. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट करून घ्याच.