पहिला नंबर म्हणजे दिलेला शब्द

दहावीचा निकाल लागला की बचत गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, इतिवृत्त सगळं बाजूला राहतं आणि एकच विषय निघतो : पोरीला अकरावीला कुठं घालायचं? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. तालुक्याच्या कॉलेजातून फॉर्म आणायचा, भरायचा, फी भरायची. एका ठिकाणी नाही जमलं तर दुसरीकडं जायचं. आता तसं राहिलेलं नाही. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २००९ साली मुंबईत सुरू झाला, पुढं पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांत गेला आणि २०२५-२६ पासून सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. आपल्या वाडी-वस्तीवरच्या मुलीचा अर्जही आता त्याच यंत्रणेतून जातो.

या पद्धतीत एक नियम असा आहे की तो आधी कळला तर फायद्याचा, आणि नंतर कळला तर डोक्याला हात लावायची पाळी. आज तेवढाच नियम आपण समजून घेऊ.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मुलीची माहिती, गुण, जात-प्रवर्ग. दुसऱ्या भागात कॉलेजांची यादी द्यायची, आपल्या पसंतीच्या क्रमानं. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. नियम असा : यादीत पहिल्या नंबरवर लिहिलेलं कॉलेज मिळालं, तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मुलगी बाहेर. मग सगळ्यांत शेवटी, उरलेल्या जागांसाठी जी सर्वांना खुली फेरी होते, तिची वाट बघत बसायचं. तोवर चांगल्या कॉलेजांच्या जागा भरलेल्या असतात आणि वर्गही सुरू झालेले असतात.

दुसऱ्यापासून दहाव्या नंबरपर्यंतचं कॉलेज मिळालं, तर मात्र सक्ती नाही. पटलं तर घ्या, नाही तर पुढच्या फेरीला थांबा. म्हणजे बंधन आहे ते फक्त पहिल्या नंबराला. पहिला नंबर म्हणजे आपण दिलेला शब्द. लग्नात सुपारी फुटल्यावर मागं फिरता येत नाही, तसंच हे.

आता पुष्कळ जणी विचारतात, "मग ताई, पहिल्या नंबरला काय लिहायचं? मोठं कॉलेज लिहिलं आणि ते नाही मिळालं, तर दुसरंही हातचं जाईल ना?" नाही जात. यंत्रणा कशी चालते ते बघा. गुणांप्रमाणे मुलांची रांग लागते, प्रवर्गाप्रमाणे जागा ठरलेल्या असतात. तुमच्या मुलीचा नंबर आला की आधी तिचं पहिलं कॉलेज बघतात. तिथं जागा नसली तर दुसरं, मग तिसरं. दुसऱ्या कॉलेजात तिचा हक्क तिच्या गुणांवर ठरतो. ते तिनं कितव्या नंबरला लिहिलं होतं यावर नाही. त्यामुळं अवघड वाटणारं कॉलेज वर लिहिल्यानं खालचं हुकत नाही. उलट, भीतीपोटी जवळचं कॉलेज पहिलं लिहिलं आणि तेच मिळालं, तर मनात असलेलं कॉलेज गुण असूनही कायमचं मागं पडतं.

म्हणून यादी करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. क्रम मुलीच्या खऱ्या इच्छेचा असू द्या. आणि पहिल्या नंबरला असंच कॉलेज लिहा की उद्या सकाळी यादीत नाव आलं तर परवा तिला तिथं पाठवायची तुमची तयारी आहे. इच्छा आहे पण पाठवणं जमणार नाही, असं कॉलेज पहिल्या नंबरला नको.

आणि पाठवणं जमेल का, हे फॉर्म भरताना दुकानात उभं राहून ठरत नाही. ते घरी बसून ठरवायचं. त्यासाठी कागदावर चार गोष्टी मांडा.

पहिली गोष्ट, जाणं-येणं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकर योजनेतून. पण पास फुकट असला तरी गाडी वेळेवर पाहिजे. कॉलेज किती वाजता भरतं, पहिली एसटी किती वाजता, संध्याकाळची शेवटची किती वाजता, आणि फाट्यावर उतरल्यावर घरापर्यंत किती चालायचं, हे लिहून काढा. विज्ञान शाखेला प्रात्यक्षिकं असतात, त्या दिवशी उशीर होतो. शेवटची गाडी चुकण्यासारखी असेल तर सोय काय, हे आत्ताच बोला.

दुसरी गोष्ट, फी. एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते. नाव एक, इमारत एक, पण यादीत दोघींचे कोड वेगळे आणि फीही वेगळी. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, बाकीची किरकोळ फी लागते. विनाअनुदानित तुकडीची फी बरीच जास्त असू शकते. नुसतं कॉलेजचं नाव बघून विनाअनुदानितचा कोड पहिला टाकला, तर बंधन त्या महागड्या तुकडीचं पडतं. म्हणून कोड, शाखा, माध्यम आणि फी, चारही बघूनच नंबर द्या.

तिसरी गोष्ट, राहणं. जिल्ह्याच्या गावचं कॉलेज पहिलं लिहायचं असेल तर मुलगी राहणार कुठं? समाजकल्याणची, आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत. पण वसतिगृहाचा अर्ज वेगळा, त्याची यादी वेगळी. कॉलेज मिळालं म्हणजे वसतिगृह मिळालंच, असं नाही. "वसतिगृह नाही मिळालं तरी पाठवू का?" या प्रश्नाचं उत्तर हो असेल तरच ते कॉलेज पहिल्या नंबरला टाका. मावशीकडं ठेवायचं म्हणत असाल तर मावशीलाही आधी विचारा.

चौथी गोष्ट, घरातल्यांचा होकार. ही सगळ्यांत अवघड. फॉर्म भरताना वडील गप्प असतात, आजी गप्प असते आणि यादीत नाव लागल्यावर म्हणतात, "एवढ्या लांब कशाला?" पण तेव्हा नाही म्हणण्याची किंमत मुलगी भरते. फेऱ्यांतून बाहेर पडली की ती घरी बसते. आणि मुलगी घरी बसली की गावात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पाहुणे येऊ लागतात, "किती दिवस ठेवणार" सुरू होतं. सोळा वर्षांची पोर ती. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी रिकामी बसलेली मुलगी दिसली की कायद्याचा विसर पडतो. म्हणून भांडण करायचं असेल तर फॉर्म भरायच्या आधी करा. एकदा सगळ्यांचा होकार घेतला की मग कुणी मागं सरायचं नाही.

समजा, एका मुलीला चौऱ्याऐंशी टक्के आहेत. तिला विज्ञान घ्यायचंय. गावाजवळच्या कॉलेजात विज्ञान शाखा नाही. तालुक्याला आहे, अनुदानित, एसटीनं जाऊन-येऊन होतं. जिल्ह्याला मोठं कॉलेज आहे, पण खोली घ्यावी लागेल. घरच्यांनी हिशेब केला आणि खोलीचा खर्च दोन वर्षं झेपेल असं दिसलं, तर जिल्हा पहिला, तालुका दुसरा. जिल्हा नाही मिळाला तरी तालुक्याची संधी तशीच राहते. हिशेब जमत नसेल तर तालुका पहिला लिहा आणि मन घट्ट ठेवा. यात कमीपणा काहीच नाही. जिथं रोज हजेरी लावता येईल तेच चांगलं कॉलेज.

पहिला सोडून खालचं कॉलेज मिळालं तर? थांबायची मुभा आहे, पण थांबण्यात जोखीमही आहे. सोडलेली जागा दुसऱ्याला जाते. थांबायचं ठरवलं तर त्या फेरीचे कट-ऑफ बघा. हव्या त्या कॉलेजचा कट-ऑफ आपल्या गुणांच्या एक-दोन टक्के वर असेल तर आशा आहे. दहा टक्के वर असेल तर मिळालेलं घ्या. प्रवेश घ्यायचा म्हणजे लॉगिनमध्ये होकार द्यायचा आणि ठरलेल्या तारखेच्या आत कागदपत्रं घेऊन कॉलेजात जायचं. यादीत नाव आलं म्हणून घरी बसलात तर जागा जाते.

फॉर्म दुकानातून भरला तर चालेल. पण मोबाईल नंबर घरातला द्या, दुकानदाराचा नको. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. कॉलेजांची यादी घरून कागदावर नेऊन तशीच भरायला लावा, आणि कायम करण्याआधी मुलीला स्वतः वाचू द्या.

बारावी झालेल्या मुलींच्या आयांनीही हे लक्षात घ्यावं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात २०२५ पासून बंधन आणखी वाढलंय. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तर तो पक्का धरला जातो. आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणात २०२४ पासून जी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, ती याच केंद्रीय प्रवेशातून आलेल्या मुलींना आहे, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्यांना नाही. तेव्हा ही फेरी हातची घालवू नका.

नियमांत दर वर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका गटात एकीनं मोठ्यानं वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी. आणि एक काम आपण गटानं करू शकतो. मार्चच्या बैठकीतच विचारून घ्या, यंदा कुणाकुणाची मुलगी दहावीला आहे. प्रवेशासाठी अंतर्गत कर्ज लागणार असेल तर त्याची मागणी तेव्हाच लिहून ठेवा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांना वेळ लागतो, तेही तेव्हाच काढायला घाला. निकाल लागेपर्यंत पैसे, कागद आणि घरचा होकार तिन्ही तयार असले, की पहिला नंबर लिहिताना हात थरथरत नाही.

येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.