जुन्या घड्याळाचा वैद्य

वेळ पाहण्यासाठीं मनगटावर घड्याळ बांधण्याची गरज आतां फारशी उरलेली नाहीं. खिशांतील फोन सेकंदाचाही हिशेब चोख देतो. तरीही आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या आंतल्या कप्प्यांत, दागिन्यांच्या डब्याशेजारीं, एखादें जुनें स्विस घड्याळ फडक्यांत गुंडाळून ठेवलेलें असतें. कोणाच्या आजोबांना तें लग्नांत अंगठीबरोबर सासऱ्यांकडून मिळालेलें असतें. कोणाच्या वडिलांनीं पहिल्या बढतीच्या पैशांतून तें हौसेनें घेतलेलें असतें. तबकडीवर ओमेगा, लाँजीन, रोलेक्स किंवा फावर-ल्यूबा असें नांव असतें, आणि कांटे केव्हां तरी थांबलेले असतात. घरांतील एखाद्याला तें पुन्हां चालावें असें मनापासून वाटतें. परंतु ‘द्यावें कोणाकडे?’ ह्या प्रश्नापाशीं विचार अडतो, आणि घड्याळ पुन्हां फडक्यांत जातें.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. कोरड्या जागीं बंद पडून राहिलेलें घड्याळ बराच काळ वाट पाहूं शकतें. पण अर्धवट जाणणाऱ्याच्या हातून झालेलें नुकसान बहुधा भरून येत नाहीं. म्हणून जुनें घड्याळ दुरुस्त करण्याचा खटाटोप हा वस्तुतः योग्य माणूस पारखण्याचा खटाटोप आहे. आणि ती पारख करावयाची तर यंत्राची थोडीशी ओळख मालकालाही हवी.

चावीच्या घड्याळाचा सारा संसार एका गुंडाळलेल्या कमानीवर चालतो. चावी दिली कीं ही कमान आवळते, व पुढें सुमारें दीड दिवस हळूहळू उलगडत राहते. तिची ओढ दातेरी चाकांच्या मालिकेंतून एका झुलत्या चाकापर्यंत पोहोंचते. केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर हें चाक मागेंपुढें हेलकावे खातें, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी चाकांची मालिका तेवढीच थोडी पुढें सरकते. आपण जिला टिकटिक म्हणतों ती हीच. जुन्या धाटणीच्या बऱ्याच घड्याळांत असे ठोके तासाला १८,००० पडतात. म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक! चाकांचे आंस कृत्रिम माणकांच्या बैठकींत फिरतात, व तेथें तेलाचा सूक्ष्म थेंब असतो. कांहीं वर्षांनीं हें तेल आटतें किंवा चिकट होतें. त्यानंतरही घड्याळ तसेंच चालवीत राहिलें, तर पोलादी आंस झिजूं लागतात. नेहमीं वापरांतील घड्याळ साधारण पांच वर्षांनीं सोडवून, धुऊन, नवें तेल घालून घ्यावें असें जाणकार सांगतात, तें ह्याचसाठीं. ‘अजून चालतें आहे ना?’ हें समाधान येथें फसवें ठरतें.

पूर्वीं हें काम करणारा माणूस शोधावा लागत नसे. स्विस घड्याळांना हिंदुस्थानांत शिरण्याचें मुंबई हें एक मोठें द्वार होतें. १७३७ पासूनची परंपरा सांगणाऱ्या फावर-ल्यूबानें एकोणिसाव्या शतकांत येथें आपला व्यापार मांडला. वेस्ट एंड वॉच कंपनीचा तर जन्मच १८८६ सालीं मुंबईंत झाला. घड्याळें आलीं तसे घड्याळजीही तयार झाले, आणि डोळ्याला भिंग लावून कांचेच्या पेटीमागें बसलेली त्यांची मूर्ति शहरांतील पेठांतून परिचित झाली. बंगलोरच्या एच.एम.टी.नें सिटिझन ह्या जपानी कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं घड्याळें करण्यास आरंभ केला, तेव्हां ह्या कसबाला आणखी काम मिळालें. परंतु २५ डिसेंबर १९६९ रोजीं सायको कंपनीनें टोकियोंत पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणलें आणि हळूहळू वारें फिरलें. सेल बदलला कीं जें चालूं लागतें, त्याच्या दुरुस्तीचें शिक्षण कोण घेणार? घड्याळजींच्या मुलांनीं दुसरे व्यवसाय धरले. २०१६ सालीं केंद्र सरकारनें एच.एम.टी.चा घड्याळांचा उद्योगही बंद करण्यास मान्यता दिली. २०२० सालीं युनेस्कोनें स्वित्झर्लंड व फ्रान्स ह्यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलुखांतील घड्याळ-कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. ज्या कसबाला वारसा म्हणून जपावें लागतें, तें रस्त्यावर सहज आढळणार नाहीं, हें उघडच आहे.

आज मालकापुढें दोन मार्ग असतात. पहिला मार्ग खुद्द घड्याळ करणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती-केंद्राचा. ह्या मार्गाचे गुण मोठे आहेत. हत्यारें नेमकीं असतात, सुटे भाग अस्सल असतात, आणि केलेल्या कामाची हमी मिळते. जिनीव्हाची पाटेक फिलिप ही कंपनी १८३९ पासून आपण केलेलें कोणतेंही घड्याळ दुरुस्त करण्याची जबाबदारी पत्करते. परंतु सर्वच कंपन्यांची तेवढी तयारी नसते. घड्याळ फार जुनें असेल तर तें परदेशीं पाठवावें लागतें, महिनेच्या महिने जातात, आणि होणारा खर्च सोन्यापेक्षां घडणावळ जड अशांतला असतो. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. कंपनीची दृष्टि घड्याळ नव्यासारखें करून देण्याकडे असते. त्यामुळें पिवळसर झालेली तबकडी, काळवंडलेले कांटे, घांसलेली कड ह्या गोष्टी तिला दोष वाटतात, व सांगून ठेवलें नाहीं तर त्या बदलल्या जाण्याचा संभव असतो. घड्याळ परत येतें तें लखलखीत; पण आजोबा ज्या तबकडीकडे पाहून कचेरीला निघत, ती त्यावर नसते.

दुसरा मार्ग स्वतंत्र घड्याळजीचा. त्याचा दर माफक असतो, त्याच्याशीं समोरासमोर बोलतां येतें, आणि जुनें तें जुनें ठेवून चालतें करण्याचें कसब त्याच्यापाशीं असूं शकतें. त्याची खरी अडचण सुट्या भागांची. कित्येक स्विस कंपन्या स्वतंत्र कारागिरांना भाग विकत नाहींत. ह्याविरुद्ध युरोपांतील दुरुस्तीकारांच्या महासंघानें २००४ सालीं युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली होती. दीर्घ वादानंतर आयोगानें २०१४ सालीं ती फेटाळली, व २०१७ सालीं युरोपीय संघाच्या न्यायालयानें तोच निर्णय उचलून धरला. त्यामुळें आजचा घड्याळजी जुना सांठा, मोडीतलीं घड्याळें आणि स्वतःचे हात ह्यांवरच विसंबतो. सुदैवानें जुन्या काळीं अनेक नांवांच्या घड्याळांत एकाच कारखान्याचें यंत्र बसविलेलें असे. म्हणून एका नांवाच्या मोडक्या घड्याळाचा भाग दुसऱ्या नांवाच्या घड्याळाला जीव देऊं शकतो.

मग चांगला घड्याळजी ओळखावा कसा? नाडी न पाहतां पुडी बांधणारा वैद्य आपण टाळतों; तोच न्याय येथें लावावा. झांकण न उघडतांच ‘दोन दिवसांनीं न्या’ म्हणणाऱ्यास नमस्कार करून निघावें. जाणता माणूस आधीं विचारतो: घड्याळ कधीं बंद पडलें, पडलें होतें काय, पाणी गेलें होतें काय, पूर्वीं कोणीं उघडलें होतें काय. नंतर तो योग्य हत्यारानें झांकण काढतो, भिंगांतून पाहतो, आणि यंत्रावर कोरलेला क्रमांक वाचून तें कोणत्या जातीचें आहे हें सांगतो. झांकणाच्या आंतल्या बाजूस पूर्वींच्या कारागिरांनीं बारीक अक्षरांत ओरखडलेल्या खुणा असल्या, तर त्याही तो पाहतो.

त्याला आपण तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न: संपूर्ण यंत्र सोडवून धुणार, कीं नुसतें तेल सोडणार? जुन्या मळावर नवें तेल म्हणजे केर न काढतां घातलेला सडा. दुसरा: झुलत्या चाकाचा आंस मोडला असल्यास काय करणार? जो लेथवर नवा आंस कातूं शकतो, किंवा तसें काम करणाऱ्याकडे तें सोंपवीन असें प्रांजळपणें सांगतो, तो विश्वासाला पात्र. तिसरा: ठोके मोजणारें यंत्र आहे काय? ह्या यंत्रावर घड्याळ ठेवलें कीं तें दिवसाला किती सेकंद पुढें वा मागें जातें, झुलत्या चाकाचा हेलकावा किती अंशांचा आहे, आणि दोन्ही बाजूंचे ठोके सम पडतात कीं नाहीं, हें कळतें. पूर्ण चावी देऊन आडवें ठेवलेल्या निरोगी घड्याळाचा हेलकावा साधारणतः २७० ते ३१० अंश असतो; जुन्या यंत्रांत तो थोडा कमी असला तरी चालतें. दुरुस्तीपूर्वींचे व नंतरचे आंकडे मागून घ्यावे. खऱ्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट कोणी तरी विचारलें ह्याचा त्याला आनंदच होतो.

येथें एका मोहाविषयीं सावध करणें जरूर आहे. ‘तबकडी नवी करून देतों, पेटीला पॉलिश मारतों’ असें कोणी फुकटांत सुचविलें, तरी निक्षून नाहीं म्हणावें. जुन्या घड्याळाची किंमत त्याच्या मूळ तबकडीवर फार अवलंबून असते, आणि पॉलिशनें पेटीच्या रेखीव कडा कायमच्या बोथटतात. तबकड्या पुन्हां रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जुळवून विकलेल्या मालाला परदेशांतील संग्राहकांनीं ‘मुंबई स्पेशल’ असें उपहासाचें नांव दिलें आहे. ज्या नगरीनें एके काळीं उत्तम घड्याळजी घडविले, तिचें नांव असें चिकटावें ही खेदाची गोष्ट होय. आपल्या घरचें अस्सल घड्याळ तरी आपल्याच हौसेनें त्या जातींत लोटूं नये.

घड्याळ स्वाधीन करण्यापूर्वीं पुढून, मागून आणि शक्य तर झांकण उघडून आंतून छायाचित्रें घ्यावीं. पेटीवरील व यंत्रावरील क्रमांक पावतीवर लिहवून घ्यावे. तबकडी रंगवूं नये, पेटी घांसूं नये, काढलेले जुने भाग परत द्यावे, आणि ठरल्याहून अधिक खर्च येणार असल्यास आधीं कळवावें, हीं चार वाक्यें त्याच पावतीवर असावींत. कारागीर नवा असेल तर प्रथम घरांतलें एखादें साधें चावीचें घड्याळ देऊन त्याचा हात पाहावा. आणि एकदां विश्वास बसला कीं घाई करूं नये. भागासाठीं तीन महिने थांबा म्हणणारा पुष्कळदां तीन दिवसांत देणाऱ्याहून बरा असतो.

घरीं आल्यावरही थोडें पथ्य आहे. चावी रोज ठराविक वेळीं, शक्यतों सकाळीं, मनगटावरून काढून द्यावी, आणि हाताला अटकाव लागतांच थांबावें. तबकडीमागें ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलें असलें तरी जुन्या रबरावर भरंवसा ठेवूं नये. आपल्याकडील पावसाळ्यांत तर विशेष जपावें. पाणी गेल्याची वाफ कांचेवर दिसली तर त्याच दिवशीं घड्याळजी गांठावा, कारण गंज आठवड्याची वाट पाहत नाहीं. घड्याळ एकाएकीं फार पुढें जाऊं लागलें, तर लोहचुंबकाची बाधा झाली असावी. फोनच्या वेष्टनांतील किंवा ध्वनिवर्धकांतील चुंबक त्याला कारण होतो. होकायंत्र जवळ धरल्यास त्याची सुई थरथरते, आणि उतारा मिनिटभराचा असतो. अंधारांत चमकणारे आंकडे असलेलें १९६० च्या सुमाराचें किंवा त्यापूर्वींचें घड्याळ मात्र स्वतः कधींही उघडूं नये. त्या रंगांत रेडियम असूं शकतें; चमक विझली तरी तें संपलेलें नसतें, व त्याची धूळ श्वासांतून आंत जाणें घातक आहे. घड्याळजीलाही हें आधीं सांगावें.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? बाजारभावानें पाहिलें तर कित्येक घड्याळांच्या बाबतींत दुरुस्तीचा खर्च किंमतीहून अधिक होईल, हें खरें आहे. तसें असल्यास केवळ पैशाचा विचार करणाऱ्यानें तें फडक्यांतच ठेवावें. त्यांत कांहीं पाप नाहीं. पण ज्याला तें बांधावयाचें आहे, त्यानें मात्र उशीर करूं नये. घड्याळ आणखी वीस वर्षें थांबेल. तें उघडूं जाणणारा सत्तरीचा घड्याळजी थांबेलच असें नाहीं. आपण नेलेल्या प्रत्येक घड्याळानें त्याच्या दुकानांत शिकाऊ मुलगा टिकण्यास थोडी मदत होते. आणि घड्याळ परत आलें म्हणजे तें कोणाचें, कोणत्या सालचें, कोणीं केव्हां दुरुस्त केलें, हें एका चिठ्ठीवर लिहून डबींत ठेवावें. पुढें तें ज्याच्या हातीं जाईल, त्याला घड्याळाबरोबर घड्याळजीचाही पत्ता मिळेल.