मामा उलटा केला तर?

बालमित्रांनो, सांगलीजवळच्या माधवनगरात यंत्रमाग चालताना कधी पाहिलाय का? खटखट, खटखट! धोटा इकडून तिकडे धावतो आणि कापड आपोआप विणलं जातं. पण मागाजवळ एक कारागीर उभा असतोच. माग आपला आपण चालतो, मग हा माणूस तिथं कशाला? उत्तर शेवटी सांगतो. आधी एक शब्दांचा खेळ खेळू.

नमन, कडक, सरस. हे शब्द शेवटाकडून वाचा बरं. शब्द तोच राहतो की नाही? समजा, असे शब्द ओळखणारा प्रोग्रॅम तुम्हाला हवाय. पूर्वी तो स्वतः लिहावा लागे. मग २०२१ साली गिटहब कोपायलट आलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि साध्या भाषेत सांगून प्रोग्रॅम लिहून घेण्याची सोय झाली. ही कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे 'एआय'ची करामत.

तुम्ही सांगता, "शब्द उलटा कर आणि मूळ शब्दाशी जुळतो का ते बघ." क्षणात चार ओळींचा प्रोग्रॅम हजर! 'नमन' घातलं, उत्तर बरोबर. 'कडक' घातलं, बरोबर. तुम्ही खूश! मग सहज म्हणून 'मामा' घालता, आणि संगणक म्हणतो, "नाही, जुळत नाही." अहो, मामा उलटा केला तरी मामाच ना?

गंमत अशी, की 'मा' हे आपलं एक अक्षर, पण संगणक त्याचे दोन तुकडे साठवतो: एक 'म' आणि एक काना. हे तुकडे उलटे मांडले की काना सुटून सगळ्यांत पुढे येतो. 'नवजीवन'चं तर 'नवीजवन' होतं! एआय दर वेळी असंच चुकतो असं नाही. कानामात्रा एकत्र धर, असं सांगितलं तर प्रोग्रॅम दुरुस्तही करून देतो. पण सांगणार कोण? ज्याला चूक दिसली, तोच!

मोठमोठे प्रोग्रॅमर वैतागतात ते इथंच. 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळानं २०२५ मध्ये जगभर पाहणी केली. एआयचा सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, या प्रश्नावर १०० पैकी ६६ जणांनी सांगितलं, "उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पूर्ण बरोबर नसतं!" साफ चुकलेला प्रोग्रॅम बंद तरी पडतो. जवळजवळ बरोबर असलेला चालत राहतो, आणि चूक लपून बसते. मग दुसऱ्यानं लिहिलेली ओळ न् ओळ वाचत बसा! कधी तर एआय अशा तयार भागाचं नाव लिहून देतो, की जो मुळात अस्तित्वातच नाही. तेही अगदी ठामपणे, बरं का!

अमेरिकेतल्या 'मीटर' या संशोधन संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही कामांत एआय वापरायला परवानगी, काहींत नाही. काम संपल्यावर त्यांना वाटलं, एआयमुळे आपण २० टक्के लवकर सुटलो. घड्याळ मात्र म्हणालं, १९ टक्के वेळ जास्त लागला! सगळीकडे असंच घडतं असं नाही, आणि ही साधनं सुधारतही आहेत. पण आपल्याला वाटतं ते आणि मोजलेलं, यांत केवढा फरक पडू शकतो पाहा.

आता मागाजवळचा माणूस. साध्या मागावर उभा धागा तुटला, तरी माग पुष्कळदा तसाच चालत राहतो. खटखट तीच, वेग तोच. कापडात मात्र एक उभी फट पडत जाते. ती ओळखून माग थांबवायचा आणि धागा जोडायचा, यासाठी तो कारागीर तिथं असतो. ज्याला विणकाम कळतं, त्यालाच फट वेळेवर दिसते.

आई-बाबांनो, "आता कॉम्प्युटरच प्रोग्रॅम लिहितो, मग आमच्या मुलांनी शिकायचं कशाला?" असं तुमच्याही मनात येत असेल. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात, नाहीतर पुण्यात जाण्याची स्वप्नं इथली कितीतरी मुलं पाहतात, तेव्हा ही काळजी साहजिकच आहे. नोकऱ्यांचं स्वरूप बदलेल, यात शंका नाही. पण मामाची गफलत पकडायला मराठी वाचता यावं लागतं, आणि ती का झाली हे कळायला संगणक कसा चालतो ते ठाऊक असावं लागतं.

तर मित्रांनो, एआयनं गणित सोडवून दिलं किंवा प्रोग्रॅम लिहून दिला, की लगेच वहीत उतरवू नका. आधी त्याला तीन अवघड प्रश्न घालून पाहा. सुरुवात 'काका'पासून करा!