मुख्यालयं मुंबईतच का?

टाटांचं पोलाद जमशेदपूरला, रिलायन्सची रिफायनरी जामनगरला. मुख्यालयं मात्र दोघांचीही मुंबईत. असं का? आधी बंदर, मग कापसाचा व्यापार, १८७५ साली शेअर बाजार. १९३७ मध्ये रिझर्व्ह बँकेचं मुख्य कार्यालयही कलकत्त्याहून इथे आलं. जिथे पैसा उभा राहतो, तिथे कंपनी पत्ता घेते.

पण फौजेत आम्ही सगळा दारूगोळा एकाच कोठारात ठेवत नाही. १२ मार्च १९९३ ला शेअर बाजाराच्या इमारतीतच स्फोट झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई ठप्प! म्हणून मुख्यालय मुंबईत राहू द्या, पण निर्णयाचे अधिकार असलेलं राखीव कार्यालय दुसऱ्या राज्यात हवंच.